प्रार्थनेतील कल्पना आणि दुखरी स्मृती

बंगळूरच्या आग्नेयेस होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून जिला नाव पडले ती एचएसआर लेआउट ही वसाहत कोणत्याही एका भाषेची नाही. बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेल्या या विभागांत आज संगणकक्षेत्रात नोकरी करणारी, नाना प्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. दिवसाचा व्यवहार इंग्रजीत, भाजीवाल्याशी मोडक्या कन्नडात, आणि घरात मराठी, कोंकणी, मल्याळम किंवा तमिळ, अशी त्यांच्या भाषाजीवनाची वाटणी झालेली असते. त्यांतील ख्रिस्ती कुटुंबांच्या वाट्याला आणखी एक वाटणी येते: प्रार्थनाही पुष्कळदा इंग्रजीतच होते. घरात रडण्याची भाषा एक आणि देवापुढे रडण्याची दुसरी, ही स्थिती साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी इतकी किरकोळ नाही. या वसाहतीपासून फार दूर नसलेल्या होसूर रस्त्यावर निम्हान्स ही मनोविकारांची राष्ट्रीय संस्था आणि धर्माराम हे ख्रिस्ती धर्मशास्त्राचे विद्याक्षेत्र जवळजवळ शेजारी उभे आहेत. मनाच्या दुखण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी इतक्या निकट नांदत असताना त्याच दुखण्याचा साहित्याच्या अंगाने विचार व्हावा असे फारसे कोणाला वाटत नाही. वस्तुतः प्रश्न मुळात साहित्याचाच आहे. कारण येथे औषध म्हणून जी वापरली जाते ती कल्पनाशक्ती.

ख्रिस्ती मंडळींत गेल्या काही दशकांत ‘आठवणींना आरोग्य’ या अर्थाच्या नावाने रूढ झालेली एक प्रार्थनापद्धती आहे. अमेरिकेतील ॲग्नेस सॅनफर्ड या लेखिकेचे ‘द हीलिंग लाइट’ हे पुस्तक १९४७ मध्ये निघाले. तिच्या शिकवणीतून ही पद्धती प्रथम प्रॉटेस्टंट मंडळींत पसरली आणि १९६७ नंतरच्या कॅथॉलिक नवचैतन्याच्या चळवळीने ती उचलली. शोकाकुल माणसाला डोळे मिटावयास सांगतात. ज्या प्रसंगाने मनाला जखम झाली तो प्रसंग, ती खोली, ती माणसे पुन्हा समोर आणावयास सांगतात. मग त्या खोलीत येशू आला आहे, त्याने खांद्यावर हात ठेवला आहे, जे शब्द त्या वेळी कोणी बोलले नाही ते तो बोलत आहे, असे चित्र रंगविले जाते. सोबत मंद वाद्यसंगीत असते. कधी कागद आणि रंगही दिले जातात. पुष्कळांना याने हलके वाटते, आणि ज्याला हलके वाटले त्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणा अभ्यासकाला नाही.

या पद्धतीवर नेहमी घेतले जाणारे आक्षेप दोन. सनातनी म्हणतात की मनाने घडविलेला येशू ही मूर्तीच होय. हा आक्षेप फार पुढे जात नाही. कारण मग शुभवर्तमान वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात उभे राहणारे चित्र त्याज्य ठरवावे लागेल. दुसरा आक्षेप मानसशास्त्रज्ञांचा आणि अधिक गंभीर. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ माणसांना, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची न घडलेली गोष्ट घरच्यांकडून कळलेली म्हणून सांगण्यात आली. त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश माणसांना ती पूर्णतः वा अंशतः ‘आठवू’ लागली. स्मृती इतकी मऊ असेल तर तिच्यात आदरणीय हातांनी केलेली भरही भरच होय. दुखावलेल्या मनाला खऱ्याखोट्याची शहानिशा करणे अगोदरच कठीण झालेले असते.

तथापि साहित्याच्या बाजूने तिसरा आक्षेप संभवतो, आणि तोच सर्वांत मूलगामी वाटतो. या पद्धतीत कल्पना कथेचा शेवट बदलते. ज्या कथेचा शेवट ऐकणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे वळतो ती कला नव्हे, ते दिवास्वप्न. आणि दिवास्वप्नाचा दिलासा त्याच्यापुरताच टिकतो. कलेचा धर्म याच्या उलट आहे. तिच्यात शेवट ठरलेला असतो आणि वाट मोकळी असते. ख्रिस्ती प्रार्थनेच्या परंपरेला हा भेद फार पूर्वी ठाऊक होता आणि मराठीत तर त्याचा आविष्कार अव्वल दर्जाच्या ग्रंथांतून झाला आहे, हे येथे दाखवावयाचे आहे.

या भेदाचा शोध एका रोगशय्येवरच लागला. इ. स. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोला आपल्या घराण्याच्या गढीत अनेक महिने पडून होता. त्याला शौर्याच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाले ते सॅक्सनीच्या लुडोल्फने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवू लागला: एक, थोर घरच्या कोणा स्त्रीची मर्जी पराक्रमाने संपादन करण्याचे; दुसरे, संतांसारखे अनवाणी यरुशलेमला जाण्याचे. रंगविताना दोन्हींत सारखेच सुख होते. परंतु पहिले संपल्यावर मन कोरडे पडे आणि दुसरे संपल्यावरही प्रसन्नता रेंगाळत राही. कल्पनेची परीक्षा ती चालू असतानाच्या सुखाने करावयाची नसून ती सरल्यावर मागे काय उरते यावरून करावयाची, हा त्याच्या पुढच्या सर्व साधनापद्धतीचा पाया त्या बिछान्यावर घातला गेला.

१५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या छोट्या पुस्तकात स्थळरचना आणि इंद्रियविनियोग असे दोन भाग येतात. येशूजन्माच्या चिंतनात साधकाने नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. तो किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याडोंगरांतला हे पाहावे. गुहा मोठी की लहान, ठेंगणी की उंच हे न्याहाळावे. आणि त्या प्रसंगात स्वतः एक क्षुद्र चाकर होऊन हाताखाली राबावे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की लोयोला रस्त्याची लांबी सांगत नाही. तो फक्त विचारतो. मार्गदर्शकाने कथा थोडक्यात सांगून थांबावे, कारण साधकाला जे स्वतः सापडते त्याचीच गोडी अधिक लागते, अशी सूचना त्याने प्रारंभीच देऊन ठेवली आहे. येशू मात्र बेथलेहेमलाच जन्मणार आणि क्रुसावरच जाणार. त्यात साधकाचा हात नाही. आजच्या मेळाव्यांत हे नेमके उलटे झालेले दिसते. तेथे रस्त्याची लांबीरुंदी, प्रकाशाचा रंग, येशूचे उद्गार असा सारा तपशील मार्गदर्शक पुरवितो आणि सोडून देतो तो कथेचा शेवट. (मार्गदर्शक आणि निवेदक या दोन भूमिकांची गल्लत झाली की असे व्हावयाचेच.)

या साधनेत तयार झालेला एक इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी वाचकाला या ग्रंथातील मराठीच्या स्तुतीच्या चार ओव्या पाठ असतात. उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या तो चाळीतही नाही. आमच्या वाङ्मयेतिहासांनी ‘ख्रिस्तपुराणा’ला भाषाभिमानाच्या खात्यात जमा केले, तर धर्मांतराच्या अभ्यासकांनी प्रचाराच्या. हे पुराण कशासाठी होते याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आलेले आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण म्हणतो की जुनी पुराणे वर्ज्य झाली, मग मन रमविण्यासाठी आम्ही वाचावे तरी काय? ही मागणी सिद्धांताची नाही. ती एका रिकाम्या झालेल्या संध्याकाळची आहे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोथी लागत होती त्या घरांत एकाएकी शांतता पसरली होती.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती शांतता आपोआप पसरलेली नव्हती. देवळे पाडली गेली, पोथ्या हिरावल्या गेल्या, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायासन बसले. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स लिहीत होता तिनेच ती जखम केली होती. जखम आणि मलमपट्टी एकाच घरातून येत होती. म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’च्या सांत्वनशक्तीचे कौतुक निर्भेळ असू शकत नाही. परंतु मलमपट्टीचा गुण तिच्या उगमावरून नाकारताही येत नाही. त्या काळच्या छापील प्रती नाहीशा झाल्या तरी पुराण हस्तलिखितांतून टिकले, म्हणजे ते कोणीतरी बसून उतरवून काढावे इतके हवेसे होते. १९०७ मध्ये मंगळूरच्या जे. एल. साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले ते अशाच हस्तलिखितांवरून. त्या भागातील ख्रिस्ती समाजाने १७८४ ते १७९९ अशी पंधरा वर्षे टिपूच्या श्रीरंगपट्टणची कैद भोगली होती, हे येथे आठवावे.

स्टीफन्सने मराठी श्रोत्यांना दिले ते स्थळरचनेचे तंत्र ओवीत बसवून. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो, कथा सांगण्याची रीत पुराणिकाची, छंद एकनाथ-परंपरेचा. ओवी ही संथ चालते. तिच्या प्रत्येक चौथ्या चरणाशी श्रोत्याला किंचित थांबावे लागते आणि त्या थांबण्यात तो आपले चित्र भरून घेतो. वधस्तंभाच्या कथेत आईसमोर मुलगा मरतो, ते टळत नाही. पण ऐकणारी आई त्या आईशेजारी जाऊन उभी राहू शकते. भट्टनायकाने ज्याला साधारणीकरण म्हटले ते हेच: माझे दुःख माझे राहूनही केवळ माझे राहत नाही. जात्यावरच्या ओव्यांत विठोबाला भाऊ किंवा बाप कल्पून सासुरवाशिणी जे करीत, त्याची जातकुळी निराळी नाही. गी पॉयत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमविलेल्या लाखावर ओव्यांत दुःख नाहीसे झाल्याचा दावा क्वचितच आढळेल. ते सांगितले गेले एवढेच त्यांत असते.

या विषयावर मराठीत सर्वांत बोलका दाखला सापडतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पाचएक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवरच थांबलेले होते. शाळेचे शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी ते पुढे चालविले आणि १९३८ मध्ये जे ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले त्यातील बहुतांश त्यांच्या हातचे आहे. ते छापलेले पाहण्यास त्या उरल्या नाहीत. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच वर्षांत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग निघत होते. एकाच लेखणीतून एकाच काळात उतरलेले हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत मराठी समीक्षेत पडली नाही. ‘स्मृतिचित्रे’चे गोडवे गायले जातात, ते योग्यच आहे, ‘ख्रिस्तायन’ला पूरककाव्य म्हणून मागे सारले जाते. पण प्रार्थना आणि मानसिक आरोग्य यांचा विचार करणाऱ्याला या दोहोंतील श्रमविभाग विलक्षण वाटेल. स्वतःच्या आयुष्याची आठवण लिहिताना लक्ष्मीबाई एकही शेवट बदलत नाहीत. सासऱ्यांचा जाच, टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव, मुलांचे मृत्यू, नवरा परधर्मात गेल्याचे कळल्यावरची दशा, सारे जसेच्या तसे येते. विनोद येतो तो घटनेला गुळगुळीत करण्यासाठी नव्हे, ती सोसता यावी म्हणून. त्या प्रसंगांत कोठेही येशूला मागाहून आणून उभे केलेले नाही. कल्पनेचे सारे सामर्थ्य त्यांनी दुसरीकडे खर्च केले: ज्या कथेचा शेवट त्यांच्या हाती नव्हता अशा कथेत, आणि तीही नवऱ्याने जेथे सोडली तेथून पुढे. वैधव्याची सतरा वर्षे त्यांनी त्या कथेच्या सोबतीत काढली. त्यांच्या शोकाचे काय झाले याचा निवाडा करण्याचे कारण नाही. पण स्मृतीची वही आणि कल्पनेची वही त्यांनी वेगळी ठेवली, हे दोन्ही ग्रंथांवरून दिसते.

वह्या वेगळ्या न ठेवल्याने काय होते तेही ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभीच आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागले की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याखेरीज शुद्ध होईना. गूळ आणि मीठही त्यातून सुटले नाही. ही काही कल्पनाशक्तीची उणीव नव्हती. ती अतिरेकी कल्पनाशक्तीच होती. तिला कथा मिळाली नव्हती, म्हणून ती पाण्याच्या घागरींवर कोसळली आणि साऱ्या घराला तिने वेठीस धरले.

आधुनिक काळात या परंपरेला मानसशास्त्राशी जोडले ते १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अँथनी डिमेलो यांनी. त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक १९७८ मध्ये आले. भान, कल्पना आणि भक्ती असे त्याचे तीन विभाग असून त्यांतील मधल्या विभागात लोयोलाच्या चिंतनाबरोबर रिकाम्या खुर्चीशी बोलण्याचा प्रयोगही आहे आणि दुखऱ्या आठवणींवरचाही. डिमेलो यांची बाजू अशी की या चिंतनांत इतिहासाचे सत्य शोधू नये, रहस्याचे सत्य शोधावे. हा युक्तिवाद बेथलेहेमच्या गुहेला चपखल लागू पडतो. स्वतःच्या बालपणाच्या खोलीला तो लावताना मात्र अडखळावे लागते. त्या खोलीत घडलेल्या गोष्टीला इतिहासाचे सत्य असते, आणि दुखावलेल्या माणसापाशी पुष्कळदा तेवढेच उरलेले असते. १९९८ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांतविषयक मंडळाने डिमेलो यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली, परंतु तिचा रोख ईश्वर आणि ख्रिस्त यांच्याविषयीच्या प्रतिपादनावर होता. कल्पनेच्या मर्यादेचा प्रश्न तिच्यामुळे सुटला नाही.

बायबलमध्येच या मर्यादेचे भान आहे. ८८ वे स्तोत्र अंधारात संपते. त्याला दिलासा देणारी शेवटची ओळ जोडण्याचा मोह संकलकांनी आवरला. गेथशेमानेच्या बागेतील प्रार्थनाही मागितले ते मिळाल्याने संपत नाही.

चित्रकलेविषयी थोडेच बोलले तरी चालेल. मनातले चित्र इच्छेसरशी वळते. कागदावर दुसऱ्याने काढलेले चित्र वळत नाही, आणि उपासनेत त्याचा उपयोग याच कारणाने होतो. गोव्याच्या सांत इस्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडीतील भारतीय स्त्री म्हणून रंगविले तेव्हा गोव्यातच त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना थारा दिला. टीकाकारांना हवी होती ती ओळखीची, आज्ञाधारक मरिया. १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले ज्योती साही बंगळूरजवळच्या सिल्वेपुऱ्यात स्थायिक झाले आणि तेथे त्यांनी कला आश्रम उभारला. त्यांच्या चित्रांपुढेही प्रेक्षकाला आपली सवय बाजूस ठेवावी लागते. मेळाव्यात प्रत्येकाच्या हाती रंग देण्याआधी अशा एखाद्या चित्रापुढे अर्धा तास नुसते बसवावे, हे अधिक हितावह होईल.

एचएसआर लेआउटच्या एखाद्या सदनिकेत शोक घेऊन बसलेल्या मराठी कुटुंबाला याचा उपयोग काय, असा प्रश्न रास्त आहे. झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल तर प्रथम निम्हान्सचा किंवा जवळच कोरमंगलातील सेंट जॉन्स रुग्णालयाचा रस्ता धरावा. त्याबाबतीत पुराणाने वैद्याची जागा घेऊ नये. मातृभाषेत प्रार्थना केली म्हणजे दुःख हटते, अशा भाबड्या समजुतीलाही येथे थारा नाही. प्रश्न साधनसामग्रीचा आहे. इंग्रजीतून ऐकलेल्या मार्गदर्शनात त्या घराला जी चित्रे मिळतात ती उसनी आणि तयार असतात. स्वतःच्या भाषेत त्याच्यासाठी चारशे वर्षांपूर्वीपासून एक ठरलेली कथा आणि मोकळी वाट पडून आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे सांगण्याचे काम धर्मगुरूंइतकेच भारतीय साहित्यांच्या विभागांचे आहे, आणि या विभागांनी ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासक्रमात लावताना मराठीच्या स्तुतीपाशी थांबून ते टाळले आहे.

ग्रंथ दुर्मिळ आहे अशीही सबब उरलेली नाही. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये निघाली. १९९६ मध्ये मुंबईहून कॅरिदाद द्रागो यांची आली. नेल्सन फलकाव यांनी आजच्या मराठी गद्यानुवादासह सिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाले ते तर बंगळूरातूनच, क्रिस्तु ज्योती प्रकाशनातर्फे. साल्ढाणांच्या आवृत्तीप्रमाणे ओव्या १०,९६२ आहेत. संध्याकाळी पन्नास ओव्या मोठ्याने वाचल्या तर सात महिन्यांहून थोडा अधिक काळ लागेल. वाचणाऱ्याने वाचावे, अर्थ अडला तर शेजारचे गद्य पाहावे, आणि कोणी काय कल्पावे हे सांगू नये.